आधी ड्युटी लिस्ट, मग ताणमुक्ती शिबिर

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील रुग्णालयांचे व्यवस्थापक, वैद्यकीय अधीक्षक आणि मेट्रन,
तसेच 2027 च्या सिंहस्थासाठी आरोग्यसेवेचं नियोजन करणारे अधिकारी यांस,

विषय: परिचारिकांच्या ड्युटी लिस्टबाबत

स.न.वि.वि.

विषयाची ओळ वाचून हे पत्र थेट मेट्रन ऑफिसकडे पाठवून द्यावंसं वाटेल. कृपया तसं करू नका, आधी स्वतः वाचा. आमच्या मनाचं आरोग्य, या नोकरीत टिकून राहण्याची ताकद, याबद्दल आपण अलीकडे बोलू लागला आहात आणि ते मला मनापासून आवडतं. मी नोकरीला लागले तेव्हा असं कुणी बोलत नव्हतं. आता 12 मेला, परिचारिका दिनाला, व्याख्यानं होतात, योगाचे वर्ग होतात, श्वासाचे व्यायाम शिकवले जातात. शिकवणारी माणसंही तळमळीची असतात. पण त्या वर्गात मागच्या रांगेत बसलेल्या मुलींकडे एकदा नीट बघा. त्यातल्या कित्येकजणी नाईट करून थांबलेल्या असतात. सकाळी आठला ओव्हर दिलेली असते, म्हणजे पेशंट पुढच्या पाळीकडे सोपवलेले असतात, पण हजेरी सक्तीची असते, म्हणून त्या युनिफॉर्मवरच बसून असतात. झोपेचं महत्त्व ऐकायला आपण त्यांना जागं ठेवलेलं असतं.

माझं एवढंच म्हणणं आहे, आमची काळजी घ्यायची असेल तर ती ड्युटी लिस्टपासून, म्हणजे कुणाची पाळी कधी हे ठरवणाऱ्या यादीपासून, सुरू करा. बाकी सगळं त्यानंतर.

मी नाशिकमधल्या एका रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. वॉर्ड, कॅज्युअल्टी, आयसीयू सगळीकडे काम केलंय आणि आता दर महिन्याला लिस्ट करण्याचं कामही माझ्याकडे असतं. त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. लिस्ट करताना माणसं कमी पडतात तेव्हा काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

सगळ्यात आधी डबल ड्युटीबद्दल. ईव्हनिंगची सिस्टर दुपारी दोनला येते. रात्री आठला तिला सोडवायला येणारी आली नाही की तिलाच नाईट करावी लागते. म्हणजे सकाळी आठपर्यंत सलग अठरा तास. त्यात ती घरून निघण्याआधी सहा वाजता उठून डबे करून, मुलांना शाळेत सोडून आलेली. दुसऱ्या दिवशी ओव्हर देताना ती सव्वीस तास जागी असते. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी 1997 मध्ये माणसांना जागं ठेवून त्यांच्या कामाची चाचणी घेतली होती. सलग 17 तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं, असं त्यांना आढळलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्यासाठी मर्यादा आहे ती 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. मुंबई नाक्यावर ज्या अवस्थेत पोलिसांनी एखाद्याची गाडी अडवली असती, त्याहून वाईट अवस्थेत आपण एका सिस्टरच्या हातात इन्सुलिनची सिरिंज देतो आणि त्याला तिचा समर्पणभाव म्हणतो.

पहाटे तीन ते पाच ही वेळ कशी असते, हे प्रशासनातल्या फार थोड्या लोकांनी पाहिलंय. शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. डोळे उघडे असतात, पण समोरचं वाचलेलं डोक्यात शिरत नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा सिरिंज पंप वाजायला लागतो, कारण नॉरअ‍ॅड्रेनालीन हे बीपी टिकवणारं औषध संपत आलंय. ते बदलताना मध्ये खंड पडला तर बीपी खाली येणार, म्हणून नवी सिरिंज आधीच भरून, लेबल लावून तयार ठेवायची. त्याच वेळी शेजारच्या बेडला पोटॅशियम लावायचं असतं. पोटॅशियम क्लोराईडची अँप्युल आणि साध्या डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल मंद दिव्यात जवळजवळ सारखीच दिसते. म्हणून नियम असा की असं धोक्याचं औषध दोघींनी मिळून बघायचं. एकीनं नाव आणि डोस मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं केसपेपरशी ताडायचा. पण त्या बाजूला ती एकटीच असेल तर दुसरी कुठून आणणार? अशा वेळी ती अँप्युल उजेडात धरून स्वतःच दोनदा, तीनदा वाचते. वाचताना तिचे ओठ हलत असतात. मी हे कितीतरी जणींचं पाहिलंय. थकलेल्या डोक्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास उरलेला नसतो, आणि तरीही त्या चुकू देत नाहीत. या एका गोष्टीसाठी मला माझ्या मुलींचा फार अभिमान वाटतो, आणि त्यांना अशा जागी उभं करणाऱ्या लिस्टचा तितकाच राग येतो.

रात्रपाळी बंद करा असं मी म्हणत नाही. आजार रात्रीही येतो, तेव्हा आम्हीही रात्री असणारच. पण रात्रपाळी नीट लावण्याच्या पद्धती आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. आपल्या शरीराचं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडं लांब चालतं. म्हणून उशिरा झोपणं त्याला सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. त्यामुळे पाळ्या मॉर्निंग, मग ईव्हनिंग, मग नाईट अशा पुढे सरकत गेल्या तर अंगवळणी पडतात. उलट्या लावल्या तर माणूस आठवडाभर स्वतःच्या शरीराशी भांडत बसतो. सलग नाईट्स दोन किंवा तीनच ठेवाव्यात. त्यानंतर निदान दोन रात्री घरची झोप मिळावी. आणि नाईटवरून सकाळी उतरते तो दिवस 'ऑफ' म्हणून धरायची जी पद्धत कित्येक ठिकाणी रुळली आहे, ती बंद करा. सकाळी आठपर्यंत काम केलेल्या माणसाला त्या दिवशी सुट्टी होती असं रजिस्टरला लिहिणं खोटं आहे. ऑफ म्हणजे ज्या दिवशी उठल्यावर कामावर यायचं नसतं आणि आदल्या रात्रीही काम नसतं, तो दिवस.

रात्री अर्ध्या तासाच्या झोपेबद्दलही मोकळेपणानं बोलू या. वीस ते तीस मिनिटांची डुलकी पहाटेच्या कामाला उपयोगी पडते, हे आता सर्वत्र मान्य आहे. डॉक्टरांना ड्युटी रूम असते आणि ती असायलाच हवी. सिस्टर मात्र खुर्चीत डोळे मिटलेली दिसली की मेमो मिळतो. पाळीपाळीनं, शेजारणीला आपले पेशंट रीतसर सोपवून, ठरलेल्या जागी अर्धा तास आडवं होणं हे लिस्टमध्येच लिहा. लपूनछपून घेतलेली डुलकी पेशंटसाठी जास्त धोक्याची असते, कारण त्या वेळात त्याच्याकडे कोण बघतंय हे कुणालाच माहीत नसतं.

लिस्ट लागते कधी, हाही प्रश्न आहे. एक तारखेची लिस्ट तीस तारखेला संध्याकाळी लागते. पुढे ती महिनाभर रोज बदलते, आणि बदल कळतो तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रात्री अकराला. आमच्यातल्या बऱ्याच मुली सुरगाणा, पेठ, इगतपुरी भागातून आलेल्या, खोली करून राहणाऱ्या. ऑफ आहे म्हणून एखादी सीबीएसवरून शेवटची एसटी धरून गावी जाते, आणि बसमध्येच मेसेज येतो, 'उद्या मॉर्निंगला ये'. पोरगी घाटात उतरून परत फिरते. हे एकदा झालं तर अडचण समजून घेता येते. दर महिन्याला होऊ लागलं की ती गावी जाणंच सोडून देते. सणाला जात नाही, भावाच्या साखरपुड्याला जात नाही, आणि हळूहळू कामाबाहेर तिचं काही उरत नाही. माणूस तुटतो तो इथे. पेशंटच्या गर्दीनं तुटत नाही. पुढच्या आठवड्यातला एकही दिवस आपला म्हणून सांगता येत नाही, यानं तुटतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घकाळच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. तिची तीन लक्षणं तिथे दिली आहेत. सगळी शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा आणि कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. यातलं दुसरं लक्षण मला सगळ्यात जास्त घाबरवतं. नातेवाइकांशी गोड बोलणारी मुलगी तुटक बोलायला लागते, 'बेड नंबर चार' म्हणायला लागते, पेशंटचं नाव घेईनाशी होते. आपण तिला बोलावून वागणूक सुधारायला सांगतो. त्याआधी तिची गेल्या दोन महिन्यांची लिस्ट काढून बघितली पाहिजे.

आता मृत्यूबद्दल. हे लिहिणं मला जड जातंय, पण ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही.

एका तरुण सिस्टरच्या हाताखालून एक लहान मूल गेलं. सीपीआर झाला, डॉक्टरांनी वेळ लिहिली, सगळे पांगले. नंतरचं काम सिस्टरचंच असतं. तिनं नळ्या काढल्या, चिकटपट्टीचे डाग स्पिरिटनं पुसले, केस नीट केले, कारण आई बघायला येणार होती. आई आली, बघून परत गेली. तेवढ्यात बेड सहाच्या अँटिबायोटिकची वेळ झाली आणि ही ट्रे घेऊन तिकडे निघाली. मी तिच्या हातातला ट्रे घेतला आणि म्हटलं, "तू बाहेर बस, चहा घे. सहा नंबर मी बघते." ती म्हणाली, "नको मॅडम, मी करते, मला काही झालं नाही." मावशींनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं आणि तिच्याजवळ बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पंधरा मिनिटांनी ती तोंड धुऊन आली आणि पुढची ड्युटी तिनं नीट केली.

हे मला त्या दिवशी करता आलं, कारण वॉर्डात मी एक जास्तीची होते. नसते तर ती ट्रे घेऊन गेलीच असती. अशा वेळी पंधरा मिनिटं मोकळं करणारा हात लिस्टमध्ये असला पाहिजे, तो योगायोगावर सोडू नका. आणि एक विनंती. अशा प्रसंगानंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून 'काय वाटलं ते सांगा' अशी सक्ती करू नका. घटनेनंतर लगेच घेतलेल्या अशा एका बैठकीनं पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींना उलट जास्त होतो, असं त्यावरच्या अभ्यासांत दिसलं आहे. ज्याला बोलायचंय त्याच्यासाठी माणूस असावा, ज्याला नाही बोलायचं त्याला गप्प राहू द्यावं, आणि आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी आवर्जून विचारावं, 'झोप लागते का?' हे पुरेसं आहे. आणि हेच आपल्याकडे कुणी विचारत नाही. 21 एप्रिल 2021 रोजी या शहरात ऑक्सिजनच्या टाकीला गळती झाली आणि व्हेंटिलेटर-ऑक्सिजनवरचे किमान 22 पेशंट गेले. त्या काळात नाशिकच्या कुठल्याही कोविड वॉर्डात ज्या सिस्टर्स आणि ब्रदर्स उभे होते, त्यातल्या अनेकांना प्रेशर गेजचा काटा आजही स्वप्नात दिसतो. त्यांनी तो विषय काढला तर घाई न करता ऐका.

मारहाणीबद्दल थोडक्यात सांगते. 2010 पासून महाराष्ट्रात रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात सिस्टरला एकटी पाठवू नका. तक्रार संस्थेनं द्यावी आणि त्या दिवशीची तिची उरलेली ड्युटी दुसऱ्या कुणाला द्यावी.

'माणसं कुठून आणायची?' हा आपला प्रश्न मला ऐकू येतोय. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सर्वसाधारण वॉर्डासाठी अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक, इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक आणि आयसीयूत एका पेशंटमागे एक परिचारिका धरली आहे. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. त्याच निकषांत रजेसाठी म्हणून 30 टक्के जास्तीची माणसं धरायला सांगितलं आहे, तिकडे मात्र कुणी बघत नाही. लिस्ट करणाऱ्या बाईच्या दृष्टीनं सगळा खेळ त्या 30 टक्क्यांवर असतो. ती राखीव माणसं नसली की एकीचा ताप म्हणजे दुसरीची डबल ड्युटी, आणि डबल ड्युटी करून तिसऱ्या दिवशी दुसरीलाही ताप. हे चक्र मी वर्षानुवर्षं कागदावर फिरताना बघतेय. सगळी पदं एकदम भरता येणार नाहीत, हे मला समजतं. मग निदान दर पाळीला सगळ्या वॉर्डांत मिळून दोन-तीन फिरत्या सिस्टर्स ठेवा, ज्यांच्या नावावर ठरलेला बेड नसेल. सुरुवात तेवढ्यानंही होते.

माझ्या सहकाऱ्यांनाही चार शब्द सांगते, कारण सगळंच प्रशासनावर सोडून आपलं भागणार नाही. नाईटला येण्याआधी दुपारी दीड-दोन तास झोपा, घरच्यांना ते वेळापत्रक भिंतीवर लिहून द्या. सकाळी निघताना डोळे जड असतील तर स्कूटर काढू नका. द्वारकेच्या चौकात आणि आडगाव नाक्याच्या हायवेवर झोपेचा एक क्षण पुरतो. वॉर्डातच वीस मिनिटं पडा, मग निघा, किंवा रिक्षा करा. उन्हात जाताना गॉगल लावा, घरी खोली काळोखी करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहाटे चहा-बिस्किटांवर राहू नका. मध्यरात्रीच्या आत डबा खा, हलका खा. कपाटात झोपेच्या गोळ्या हाताशी असतात म्हणून स्वतःच्या मनानं घेऊ नका. आठवड्यातून एकदा तरी रुग्णालयाशी संबंध नसलेल्या माणसांत जा. मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फिरायला जाते. तिथल्या बायका मला डाळींब, पोरांची लग्नं आणि पाणीकपात याबद्दल सांगतात, आणि तासभर मी कुणाचीही सिस्टर नसते.

आणि झोप उडाली, रडू आवरेना, जगावंसं वाटेना अशी वेळ आली तर 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास आणि मोफत, मराठीतही बोलता येतं. मानसोपचार घेतल्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुम्हाला दिला आहे. व्यवस्थापनानंही हे लेखी जाहीर करावं की उपचार घेतले म्हणून कुणाच्या बढतीवर किंवा गोपनीय अहवालावर त्याचा परिणाम होणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी केवळ या भीतीनं डॉक्टरकडे जात नाहीत, आणि त्या रोज डॉक्टरांच्या शेजारी उभ्या असतात.

शेवटी सिंहस्थ. रामकुंडावरची अमृतस्नानं 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर 2027 ला आहेत, त्र्यंबकचं शेवटचं 12 सप्टेंबरला. रस्ते, पूल, घाट, तंबू यांच्या बैठका चालू आहेत. बेड किती वाढवायचे हेही ठरेल. त्या बेडशेजारी कोण उभं राहणार आणि ते कधी झोपणार, हे आत्ताच ठरवा. 27 ऑगस्ट 2003 ला इथे चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, ते आम्ही नाशिककर विसरलेलो नाही. तसं काही घडलं, देव करो आणि न घडो, तर त्या पहिल्या तासात सगळं अवलंबून असेल ते ताज्या डोक्याच्या माणसांवर.

स्नानाच्या दिवशी रस्ते बंद असतात. पंचवटीतल्या रुग्णालयात नाशिकरोडहून येणारी सिस्टर पोचूच शकत नाही, मग आतली सुटत नाही आणि बारा तासांचे चोवीस होतात. त्यासाठी प्रत्येक पर्वाच्या आदल्या संध्याकाळी सोडवणाऱ्या तुकडीची राहायची सोय रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर करा. शाळा चालेल, मंगल कार्यालय चालेल, पण गाद्या, पंखे, बायकांसाठी स्वच्छ संडास आणि आतून लागणारी कडी हवी. दुसऱ्या जिल्ह्यांतून येणाऱ्या परिचारिकांनाही हेच द्या. स्नानाच्या दिवशी डबल ड्युटी कुणालाही देऊ नका. त्या दोन महिन्यांत रजा बंद ठेवाव्या लागतील, हे आम्ही समजतो. पण त्या बदलीच्या रजा कधी मिळणार, त्याची तारखेसह लेखी यादी सिंहस्थ सुरू होण्याआधी हातात द्या.

मागणी म्हणून इतकंच लिहिते. पुढच्या महिन्याची लिस्ट या महिन्याच्या 25 तारखेला बोर्डावर लागावी आणि त्यानंतर बदल करायचा तर त्या सिस्टरला फोन करून, तिची संमती घेऊन करावा. आणि सिंहस्थाच्या आरोग्य नियोजनाच्या बैठकीत प्रत्यक्ष नाईट करणाऱ्या सिस्टर्सपैकी निदान दोघींना बसवावं. बैठक दुपारी चारनंतर ठेवा, म्हणजे त्यांची झोप झालेली असेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक इन्चार्ज सिस्टर
नाशिक